दोघांनी लिहायचं, तर दोघांनी नाकारायचंही

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

'मी आणि माझा सहलेखक गेली अकरा वर्षं मिळून विनोदी लेखन करतो. एकांकिकांपासून सुरुवात झाली, मग रेडिओसाठी प्रहसनं, मग वेबमालिका. तो खोलीत फेऱ्या मारत बोलतो, मी टाइप करते. कथेची बांधणी, प्रसंगांचा क्रम आणि काटछाट माझ्याकडे असते. हशा मिळवणारी वाक्यं बहुतेक त्याची. बैठकीत निर्माते त्याच्याकडे बघून बोलतात. गेलं वर्षभर मी वाद घालणं सोडलंय. तो म्हणतो ते लिहून घेते, कारण त्याला पटकन सुचतं आणि मला उशीर लागतो. आता एका मोठ्या मालिकेच्या रायटर्स रूममध्ये, म्हणजे अनेक लेखक एकत्र बसून मालिका लिहितात त्या गटात, त्याला एकट्याला बोलावलं आहे. तो म्हणतो, "तू नाही म्हणालीस तर नाही जाणार." मी नाही म्हणू का? आणि तो गेला, तर अकरा वर्षांतलं माझं म्हणून काय उरतं? – अर्धी लेखिका'

प्रिय 'अर्धी लेखिका',

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही म्हणू नका, त्याला जाऊ द्या. "तू नाही म्हणालीस तर नाही जाणार" हे तो मनापासून म्हणाला असेल, पण त्यामुळे त्याचा निर्णय तुमच्या गळ्यात पडला आहे. तुमच्या शब्दाखातर तो थांबला, तर यापुढे तुमचं एखादं काम पडलं किंवा हातचं गेलं की दोघांच्याही मनात तो नकार डोकावेल. तो बोलून दाखवणार नाही, तुम्हीही विचारणार नाही. एकमेकांच्या उपकाराखाली असलेली माणसं एकमेकांचं लिखाण खोडायला कचरतात, आणि विनोदी लेखनात खोडाखोड थांबली की काम ढासळायला वेळ लागत नाही.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत जास्त खुपलेलं वाक्य मात्र वेगळंच आहे. 'गेलं वर्षभर मी वाद घालणं सोडलंय.' ते तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. माझ्या मते तुमच्या जोडीला खरा धक्का तिथे बसला, हे आमंत्रण येण्याच्या कितीतरी आधी.

असं का म्हणते, ते सांगताना एका जुन्या जोडीबद्दल जरा विस्ताराने लिहिते. रे गॅल्टन आणि अॅलन सिम्प्सन हे दोघे 1948 मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या मिलफर्डच्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये भेटले. दोघेही जेमतेम अठरा वर्षांचे. तिथल्या रुग्णांसाठी चालणाऱ्या रेडिओवर त्यांनी पहिलं लेखन केलं, बाहेर पडल्यावर बीबीसीकडे मजकूर पाठवू लागले, आणि 1954 च्या नोव्हेंबरमध्ये टोनी हॅनकॉक या नटासाठी त्यांनी लिहिलेली अर्ध्या तासाची रेडिओ मालिका सुरू झाली. तिचे शंभरावर भाग झाले, पुढे ती दूरचित्रवाणीवरही गेली. त्या काळच्या रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमात गाणी असत, तुकड्या-तुकड्यांची प्रहसनं असत. या दोघांनी ते बाजूला सारून अर्धा तास एकच गोष्ट, एकाच माणसाच्या स्वभावातून फुलवत नेली.

त्यांची कामाची पद्धत तुमच्यासारखीच होती. टाइपरायटरवर सिम्प्सन बसत. पण एक नियम होता: दोघांना पटल्याशिवाय वाक्य कागदावर उतरायचं नाही. त्यामुळे कधीकधी खोलीत बराच वेळ नुसती शांतता असे. म्हणजे टाइप करणारा माणूस लिहून घेणारा कारकून नव्हता. त्याची बोटं हलली नाहीत, तर वाक्य जन्मालाच येत नसे. ही फार मोठी सत्ता आहे, आणि बोलणाऱ्यालाही ती हवीच असते. समोरचा प्रत्येक वाक्यावर हसत नाही हे ठाऊक असेल, तरच त्याच्या हसण्याला किंमत राहते.

अकरापैकी दहा वर्षं ही सत्ता तुमच्याकडे होती. शेवटच्या वर्षात तुम्ही ती सोडून दिलीत, आणि त्याला वाटलं असणार की आपली सगळी वाक्यं आता चालतात. त्याच काळात त्याला एकट्याला बोलावणं आलं, यावरून तो तुमच्याशिवाय तरून जाईल असा निष्कर्ष काढू नका. कदाचित तो सध्या थोडा एकटाच लिहीत असेल आणि त्यालाही ते जाणवत असेल. हे त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही.

आता 'हशा मिळवणारी वाक्यं त्याची' या तुमच्या हिशेबाबद्दल. हा हिशेब मला मान्य नाही. एक उदाहरण घेऊ. प्रहसनात एक कारकून आपल्याच कंपनीकडे तक्रार नोंदवायला फोन करतो. त्याला या विभागातून त्या विभागात, तिथून तिसऱ्या विभागात फिरवलं जातं. शेवटी त्याच्याच टेबलावरचा दुसरा फोन वाजतो. तो सवयीने उचलतो आणि म्हणतो, "साहेब जागेवर नाहीत." प्रेक्षक हसणार ते या वाक्याला. आता हे वाक्य खोलीत फेऱ्या मारताना एकाला सुचलं असेल. पण तो दुसरा फोन पहिल्या पानावर टेबलावर कोणी ठेवला? मध्ये दोनदा तो वाजत असताना आपला कारकून तो कपाळाला आठ्या घालून, न उचलता नुसता बघत राहतो, हे कोणी घातलं? विभाग तीनच ठेवायचे, पाच नाही, हे कोणी ठरवलं? यातली एक गोष्ट काढून बघा. वाक्य तेच राहील, हशा जाईल. हसू शेवटच्या शब्दाला येतं म्हणून ते त्या शब्दाने मिळवलं असं वाटतं, आणि निर्मात्यांना तर हमखास वाटतं. तुम्हाला वाटता कामा नये, कारण पहिल्या पानावर फोन ठेवणारी व्यक्ती तुम्ही आहात.

हा हिशेब उलट्या बाजूनेही फसतो, तेही ध्यानात असू द्या. जॉन क्लीज आणि ग्रॅहम चॅपमन या ब्रिटिश विनोदी लेखक-नटांच्या जोडीत लिहिण्याचं बरंचसं काम क्लीज करत. चॅपमन बराच वेळ गप्प बसून राहत आणि मध्येच काहीतरी टाकत. सदोष गाडी विकणाऱ्या गॅरेजवाल्याबद्दलच्या एका जुन्या प्रहसनाचं ते नव्याने लेखन करत होते, तेव्हा गाडीच्या जागी पोपट आला तो चॅपमन यांच्यामुळे. त्यातून 1969 मध्ये मेलेल्या पोपटाचं ते प्रहसन झालं. ओळी मोजल्या तर चॅपमन यांचा वाटा किरकोळ दिसेल, पण ती सूचना काढली तर प्रहसनच उरत नाही. म्हणून कोणाची किती वाक्यं हे मोजणाऱ्या जोडीला मी नेहमी सांगते, की ती वही बंद करा. तिच्यातून न्याय कधीच निघत नाही, कटुता तेवढी निघते.

आणि 'मला उशीर लागतो' हे तुम्ही दोष असल्यासारखं लिहिलं आहे. हॉलिवूडचे दिग्दर्शक-लेखक बिली वाइल्डर आणि त्यांचे सहलेखक आय. ए. एल. डायमंड यांनी 1957 पासून 1981 पर्यंत मिळून पटकथा लिहिल्या. वाइल्डर बोलके, डायमंड अबोल. डायमंड यांची सर्वांत मोठी दाद म्हणजे 'का नाही?' एवढीच असे, असं वाइल्डर सांगत. त्यांच्या 1959 च्या गाजलेल्या विनोदी चित्रपटाचं शेवटचं वाक्य आज जगभर उद्धृत केलं जातं. ते डायमंड यांनी सुचवलं होतं आणि दुसरं काही चांगलं सुचेपर्यंत तात्पुरतं म्हणून ठेवलं होतं. वाइल्डर यांनी हे मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं आहे. झटपट सुचणारा आणि सावकाश ठरवणारा, असे दोघे एकत्र असणं ही अशा जोडीची ताकद असते. दोघेही झटपट असते, तर पहिल्या खर्ड्यावर खूश होऊन उठले असते.

आता रायटर्स रूमबद्दल. तिथे तो पाच-सात जणांत बसेल, दुसऱ्याने ठरवलेल्या पात्रांसाठी लिहील, त्याची वाक्यं रोज कापली जातील. हे शिक्षण चांगलं आहे आणि तुम्ही एकट्या त्याला ते देऊ शकत नाही. त्याला तिथे कोणती गोष्ट कमी पडते तेही त्याला तिथेच कळेल. पण त्या काळात तुमचं एकत्र काम कसं चालणार, हे वाऱ्यावर सोडू नका. तुमची 'एकाच खोलीत, प्रत्येक वाक्य दोघांनी' ही पद्धत वेळखाऊ आहे, आणि तो नोकरीसारखा बांधला गेला की ती जमणार नाही. दुसरी पद्धत आहे. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश होमगार्डवरची (स्थानिक स्वयंसेवकांच्या संरक्षण दलावरची) मालिका 1968 ते 1977 या काळात लिहिली, तेव्हा ते कथानकं एकत्र बसून ठरवत आणि मग एकेक भाग वेगवेगळा लिहीत. तुमची बांधणी पक्की आहे, त्यामुळे ही पद्धत तुम्हाला जमेल असं मला वाटतं. आठवड्यातली एक बैठक ठरवा, ती फक्त कथानकासाठी. बाकीचं आपापल्या घरी. मात्र लिहून झालेला भाग दुसऱ्याने हातात पेन्सिल घेऊन वाचायचा, आणि खोडायचा अधिकार पूर्ण.

हे सगळं सांगताना एक गोष्ट मला अगदी ठामपणे सांगायची आहे. तो रुजू होण्याआधी तुमच्या दोघांच्या खणातल्या मालाची यादी करा. अर्धवट राहिलेल्या कल्पना, न वापरलेली पात्रं, नाकारले गेलेले भाग, फोनवर एकमेकांना पाठवलेल्या ओळी, सगळं. रायटर्स रूममध्ये दुपारी चार वाजता कोणालाच काही सुचत नसतं, तेव्हा माणूस नकळत जुना खण उघडतो. त्यात वाईट हेतू नसतो. पण तिथे त्याच्या तोंडून बाहेर पडलेलं पात्र त्या कंपनीचं होऊन बसेल आणि तुम्हाला ते परत मिळणार नाही. यादीवर तारीख घाला, दोघांनी सह्या करा, आणि एक ओळ लिहा: यातलं काहीही दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय कुठे द्यायचं नाही. मैत्रीत कागद कशाला, असं त्याला वाटेल. मैत्री टिकावी म्हणूनच कागद, असं सांगा. संयुक्त लेखनाचे कायदे प्रत्येक देशात थोडे वेगळे असतात, त्यामुळे एकदा वकिलाला दाखवून घेतलेलं बरं.

पैशांचं थोडक्यात. एकत्र कामाचं मानधन निम्मं-निम्मं, दर वेळी, कोणी जास्त लिहिलं हे न बघता. त्याच्या एकट्याच्या नोकरीचे पैसे त्याचे. जोडीने काम घेताना आणखी एक लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संघटनेच्या नियमांत जोडीला एकच लेखक धरतात आणि एकाचं मानधन दोघांत वाटलं जातं. इतरत्रही बऱ्याचदा हाच व्यवहार असतो. म्हणजे जोडीने लिहिणारे दोघेही पहिल्यापासून अर्ध्या पैशावर असतात. दोघांपैकी एकाला पूर्ण पगाराचं काम मिळालं तर त्याला ते हवंसं वाटणं स्वाभाविक आहे, त्यात तुमच्याबद्दलचं मत काहीच नाही. त्याच संघटनेच्या श्रेयनामावलीत जोडीची नावं 'अँड'साठीच्या त्या वळणदार चिन्हाने जोडतात. वेगवेगळं काम केलेल्यांच्या नावांमध्ये मात्र तोच शब्द अक्षरांत लिहितात. चिन्हावरून कळतं की हे दोघे एकत्र बसले होते. आपल्याकडच्या करारांत अशी खूण नसेल, तर 'संयुक्त लेखन' असं स्पष्ट लिहून घ्या. आणि नावांचा क्रम एकदा ठरवून टाका म्हणजे प्रत्येक पोस्टरवर नव्याने मन कडू होणार नाही.

निर्माते त्याच्याकडे बघून बोलतात, यावर उपाय तुम्ही एकट्यांनी करायचा नाही. तो त्याने करायचा. बैठकीत बांधणीचा प्रश्न आला की त्याने म्हणायचं, "हे ती सांगेल," आणि गप्प बसायचं. त्याला हे स्पष्ट शब्दांत सांगा. अकरा वर्षं बोलण्याची सवय असलेल्या माणसाला दुसरा गप्प का बसला आहे हे आपोआप कळत नाही. पुढच्या बैठकीत कथानक तुम्ही मांडा, विनोदाच्या जागा त्याला भरू द्या. ऐकणाऱ्यांच्या नजरा बदलतील.

आता जोडी तुटण्याची भीती. तुम्ही ती लिहिली नाही, पण पत्रभर ती जाणवते. लेखकांच्या जोड्या आयुष्यभर एकाच रीतीने चालत नाहीत. फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन या ब्रिटिश विनोदी लेखकांनी 1948 मध्ये सुरू झालेल्या रेडिओ मालिकेपासून वर्षानुवर्षं एकत्र लिहिलं आणि 1964 मध्ये एकत्र लेखन थांबवलं. पण त्यानंतरही अनेक वर्षं ते रेडिओवरच्या एकाच कार्यक्रमात समोरासमोर बसत राहिले. क्लीज आणि कॉनी बूथ यांनी हॉटेलमालकावरची मालिका पती-पत्नी असताना सुरू केली. तिची दुसरी फेरी 1979 मध्ये आली तेव्हा त्यांचा घटस्फोट झालेला होता, तरी ती त्या दोघांनीच लिहिली होती. लग्नाच्या पलीकडे कामाचा धागा टिकू शकतो, मग एका नोकरीने तो का तुटावा? गॅल्टन आणि सिम्प्सन यांच्या बाबतीत तर हॅनकॉकच 1961 मध्ये त्यांच्यापासून वेगळा झाला. ज्याच्यासाठी ते इतकी वर्षं लिहीत होते तो नट गेल्यावर बीबीसीने त्यांना हवं ते लिहिण्याची मोकळीक देऊन स्वतंत्र अर्ध्या तासांची एक मालिका दिली. तिच्यातला 1962 च्या जानेवारीत दाखवलेला एक भाग भंगारवाल्या बाप-लेकांचा होता. त्यातून पुढे त्यांचं सर्वांत मोठं यश उभं राहिलं, आणि त्यात त्यांनी विनोदी कलाकार न घेता गंभीर नाटकांतले नट घेतले. सिम्प्सन यांनी 1978 मध्ये लेखन सोडलं, गॅल्टन दुसऱ्यांबरोबर लिहीत राहिले. मैत्री शेवटपर्यंत राहिली, आणि 2016 मध्ये 'बाफ्टा' या ब्रिटनच्या चित्रपट-दूरचित्रवाणी अकादमीची फेलोशिप दोघांना मिळून देण्यात आली.

अर्थात काही जोड्या तुटतात आणि तुटायलाच हव्या असतात. तुमची तशी आहे का, हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. तुम्ही 'हे मला हसवत नाही' असं म्हणालात, तर तो काय करतो? थोडा चिडून, फेऱ्या मारून, दुसरं काही शोधतो, की तुम्हाला विनोद कळत नाही असं म्हणतो? पहिलं असेल तर जोडी जिवंत आहे. दुसरं असेल, आणि वारंवार होत असेल, तर अकरा वर्षांच्या मायेपोटी तिथे थांबू नका. वर्षभर तुम्ही तशी संधीच दिलेली नाही, त्यामुळे उत्तर आज तुमच्याकडे नाही. ते मिळवा.

तुमचा दुसरा प्रश्न होता, माझं म्हणून काय उरतं. वेगळं काढून दाखवता येईल असं फारसं काही उरत नाही, आणि ते तसंच असतं. एकत्र लिहिलेल्यातलं तुमचं आणि त्याचं वेगळं करायला गेलात तर हाती फक्त सुटी वाक्यं येतील. पण तुम्ही काय शिकलात ते पूर्ण तुमचं आहे: प्रसंग कुठे सुरू करायचा, माहिती प्रेक्षकाच्या लक्षात न येता कशी पेरायची, कुठे थांबायचं. तो रायटर्स रूममध्ये असताना एखादी गोष्ट एकट्याने लिहा. तुम्ही जोडीने कधीच हात न लावलेला प्रकार निवडा, म्हणजे तुलनेचा प्रश्न येणार नाही. विनोदी कथा चालेल, एकपात्री चालेल. पहिले काही दिवस खोलीतल्या शांततेचा त्रास होईल आणि आपल्याला विनोद सुचतच नाहीत असं वाटेल. त्या दिवसांत विनोद शोधू नका. एक हट्टी माणूस घ्या, त्याला काय हवं आहे ते ठरवा, आणि ते त्याला मिळू देऊ नका. हसू तिथून येईल, सावकाश येईल, आणि तुम्हाला सावकाश काम करता येतं. लिहून झाल्यावर तो भाग त्याला वाचायला द्या, पेन्सिलीसकट.

आणि पुढच्या बैठकीत कीबोर्ड त्याच्याकडे द्या. महिनाभर त्याला टाइप करू दे, तुम्ही फेऱ्या मारा. न पटलेलं वाक्य तो टाइप करू लागला, तर तिथेच थांबवा.